समाधान कुणाच्या जिवावर?

परवा भाचा म्हणाला, "मामा, नोकरी सोडतो, लोणावळ्याला बंगला घेतो, तुकोबांसारखा निवांत बसतो."

अरे, १६३० च्या दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे सांगतात. तू तर कर्ज काढून बसणार! (चिक्की मात्र आणशील.) आणि पोरे सांभाळून डोंगरावर भाकरी घेऊन चढायची ती जिजाई. तिच्या समाधानाचा हिशेब कुणी मांडला?

मंडळी, मीही ३५ वर्षे शाळा, शिकवण्या, रविवारी राजमाची असा 'समतोल' साधला. आईचे आजारपण हिने एकटीने काढले. मी तृप्त होतो! आता हिचे गुडघे गेले. लोहगड राहिलाच, म्हणते. लोकलच्या खिडकीतून दिसतो तेवढाच.