भौतिकशास्त्राची उतरंड

माध्यमिक शाळेतील भौतिकशास्त्राच्या कोणत्या पातळीवर विद्यार्थ्याकडून कोणत्या कौशल्याची अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न वरकरणी अभ्यासक्रम मंडळाच्या बैठकीत निकालात काढावा असा वाटतो. राजकीय कार्यकर्त्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत सोडून देण्याची वेळ आली आहे. कोणत्या मुलाने सूत्र पाठ करावयाचे आणि कोणत्या मुलाने ते तपासून पाहावयाचे, हे ठरविणे म्हणजे उद्या कोणी आज्ञा पाळावयाची आणि कोणी निर्णय घ्यावयाचे हे ठरविणे होय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बोर्डाच्या परीक्षा दोन पातळ्यांवर घेता येतील, असे सुचविले आहे. सुरुवात गणितापासून करावी आणि कालांतराने सर्व विषय साधारण व उच्च अशा दोन स्तरांवर उपलब्ध व्हावेत, अशी ती कल्पना आहे. गणितापुरती अशी व्यवस्था केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासूनच केली होती. पाठ्यपुस्तक एकच, वर्गही एकच; परंतु प्रश्नपत्रिका दोन, एक सोपी ‘बेसिक’ आणि दुसरी ‘स्टँडर्ड’. सोपी पत्रिका देणाऱ्याला अकरावीत गणित घेता येणार नाही, असा मूळ नियम होता. पुढे महासाथीच्या काळात तो शिथिल करण्यात आला. परंतु नियम शिथिल झाला म्हणून त्यामागील विचार नाहीसा होत नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी भरलेल्या एका अर्जाने अभियांत्रिकीचे दार लावून घेता येते, हे त्या मूळ नियमाने दाखवून दिले. विज्ञान विषयाची पाळी येईल तेव्हा आपण काय म्हणणार, याचा विचार आजच व्हावयास हवा.

पातळ्या असूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. सर्व मुलांची गणिताची तयारी सारखी नसते, आवडही सारखी नसते. प्रश्न आहे तो फरक कशात करावयाचा हा. एक साधा लंबक घेऊ. सुताला दगड बांधून तो एक मीटर लांबीवर टांगला, तर त्याचे एक आंदोलन सुमारे दोन सेकंदांत पुरे होते. लांबी पंचवीस सेंटीमीटर केली की तोच काल एका सेकंदावर येतो. म्हणजे लांबी चौपट केली तर काल दुप्पट होतो. हे शोधून काढण्यास सूत, दगड, मोजपट्टी आणि सेकंद दाखविणारे घड्याळ यांपलीकडे काहीही लागत नाही. एकाच आंदोलनाचा काल न मोजता वीस आंदोलनांचा मोजून त्याला विसाने का भागावे? घड्याळ सुरू करताना आणि थांबविताना हाताकडून होणारी चूक वीस ठिकाणी वाटली जाते म्हणून. दगड जड केला तर काल बदलेल काय? आधी अंदाज बांधा, मग करून पाहा, अंदाज चुकला तर का चुकला ते सांगा. भौतिकशास्त्र म्हणतात ते हेच. त्यात बीजगणिताचा एकही कठीण टप्पा नाही.

यापुढे पातळ्या सुरू होतात, आणि त्या रास्त आहेत. दुसऱ्या पातळीवरील विद्यार्थ्याने लांबी आणि कालाचा वर्ग यांचा आलेख काढावा, त्याचा चढ मोजावा आणि त्यावरून गुरुत्व त्वरणाचे मूल्य काढावे. तिसऱ्या पातळीवरील विद्यार्थ्याने बलाच्या समीकरणापासून सुरुवात करून कलनशास्त्राच्या आधाराने लंबकाचे सूत्र सिद्ध करावे, आणि कोन मोठा झाला की ते सूत्र का ढळते तेही सांगावे. तिघांच्या हातांतील गणिताची हत्यारे वेगवेगळी आहेत. परंतु मोजणे, ताडून पाहणे, पुराव्यावरून बोलणे आणि कारण मागणे ही कौशल्ये तिघांनाही समान आहेत. पातळी बदलली की हत्यारे बदलावीत, विचार करण्याचा हक्क बदलू नये, एवढेच आमचे सूत्र आहे.

प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. खालची पातळी म्हणून जे काही मुलांच्या पदरात पडते, त्यातून गणित वगळले जाते आणि त्याच्याबरोबर विचारही वगळला जातो. उरतात त्या व्याख्या, रिकाम्या जागा, जोड्या लावा आणि आयते सूत्र देऊन त्यात आकडे भरावयाची उदाहरणे. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातील पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे. केप्लरच्या नियमांपासून मुक्तिवेगापर्यंत त्यात सारे काही आहे. परंतु ज्या शाळेतील प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप वर्षभर निघत नाही आणि प्रयोगवह्या फळ्यावरून उतरवून घेतल्या जातात, त्या शाळेतील मुलाला मुक्तिवेगाचा आकडा हा इतिहासातील सनावळीसारखाच पाठ करावा लागतो. पुस्तक दोघांचे एकच, पण एकाला त्यातून विज्ञान मिळते आणि दुसऱ्याला पाठांतर.

कोणी म्हणेल, आपल्याकडे अजून भौतिकशास्त्राचे अधिकृत स्तर कुठे आहेत? कागदावर नसतील, व्यवहारात ते कधीच आले आहेत. बारावीच्या विद्यार्थ्यापुढे आज एकच विषय तीन-चार रूपांत उभा राहतो. राज्य मंडळाची लेखी परीक्षा सत्तर गुणांची आणि तीन तासांची. तीत पुस्तकातील डेरिव्हेशन नीट लिहिता येणे, आकृती काढता येणे, एककांसह उदाहरण सोडविणे यांना महत्त्व. राज्याच्या सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवावयाचे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये एकशेऐंशी मिनिटांत एकशेऐंशी प्रश्न, त्यांतील पंचेचाळीस भौतिकशास्त्राचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा. जेईई मेन्समध्ये प्रश्नाला थोडा अधिक वेळ, पण दोन-तीन प्रकरणांतील कल्पना एकत्र गुंफलेल्या. आणि तिच्याही वर जेईई ॲडव्हान्स्ड, जिच्या पायरीवर मेन्समधून निवडलेल्या सुमारे अडीच लाखांनाच पाय ठेवता येतो. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या गुणवत्ता याद्या या परीक्षांवरून लागतात. बोर्डाचे गुण उरले ते पात्रतेपुरते.

म्हणजे शाळा आणि महाविद्यालय एक कौशल्य शिकविते आणि दरवाजावर उभा असलेला पहारेकरी दुसरेच कौशल्य मागतो. या दोहोंमधील अंतर कोण भरून काढतो? ते बाजार भरून काढतो. शिकवणीच्या धंद्याचा सारा पाया या अंतरावर उभा आहे. त्यासाठी लाखांत फी मोजणारा बाप आपल्या मुलाला वरच्या पातळीचे भौतिकशास्त्र विकत घेऊन देतो, आणि ऊसतोड कामगाराचा किंवा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा बोर्डात चांगले गुण मिळवूनही आपण कमी बुद्धीचे आहोत अशी समजूत करून घेतो. त्याला कोणी सांगत नाही की त्याची परीक्षा ज्या कौशल्याची झाली, ते त्याला कोणी शिकविलेच नव्हते. शिवाय एका मिनिटात एक प्रश्न हातावेगळा करणे हे भौतिकशास्त्राचे कौशल्य नव्हे. ते सरावाचे कौशल्य आहे, आणि सराव पैशाने मिळतो.

भाषेचा प्रश्न याच उतरंडीचा भाग आहे. दहावीपर्यंत त्वरण, संवेग, विभवांतर असे शब्द शिकलेल्या मुलाला अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच सारा विषय इंग्रजीतून नव्याने ऐकावा लागतो. नीट आणि जेईई मेन्सच्या प्रश्नपत्रिका आता मराठीतूनही मिळतात. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत. पण ज्या भाषेत दोन वर्षे विषय शिकविलाच गेला नाही, त्या भाषेतील प्रश्नपत्रिका हाती देण्यात औदार्य ते कोणते?

परदेशांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. इंग्लंडने १९८८ मध्ये दोन वेगवेगळ्या शालान्त परीक्षा मोडून सर्वांसाठी एकच जीसीएसई परीक्षा आणली. पण त्या एका परीक्षेच्या पोटातही पातळ्या राहिल्याच. आज तेथे भौतिकशास्त्राच्या खालच्या पातळीची पत्रिका देणाऱ्याला नवापैकी पाचाहून वरची श्रेणी मिळूच शकत नाही, मग त्याने सारी पत्रिका अचूक सोडविली तरी. छप्पर आधीच ठोकलेले आहे. फिनलंडने दुसरी वाट धरली. सत्तरीच्या दशकात तेथे सर्व मुलांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा आली, आणि त्या शाळेत गणित व परभाषांसाठी ठेवलेल्या निरनिराळ्या पातळ्याही १९८५ मध्ये रद्द झाल्या. हुशार मुलांचे नुकसान होईल, असा ओरडा तेव्हा तिथेही झाला होता. २००६ च्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत विज्ञान विषयात पहिला क्रमांक फिनलंडचाच आला. एका क्रमांकाने सारे सिद्ध होते असे नाही. पण समान शिक्षणाने दर्जा खालावतो, ही भीती निराधार आहे एवढे त्यातून खचित दिसते.

आपल्या देशातही ही चर्चा नवी नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने साधारण आणि प्रगत अशा दोन पातळ्यांच्या अभ्यासक्रमांचा विचार मांडला होता. पण त्याच आयोगाने गरीब-श्रीमंतांची मुले एकत्र शिकतील अशा समान शाळा पद्धतीचाही आग्रह धरला होता. राज्यकर्त्यांनी समान शाळा बासनात गुंडाळून ठेवली. समान शाळा नसताना आणलेल्या दोन पातळ्या म्हणजे बुद्धीची वर्गवारी नव्हे, घरांची वर्गवारी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी नेमके याच वृत्तीवर बोट ठेवले होते. वरच्या वर्गाला शिकविले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीला त्यांनी आव्हान दिले. ज्ञान झिरपत नाही, ते वर अडवून धरले जाते, हा आपला तेव्हापासूनचा अनुभव आहे.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. गणितात नापास होऊन शाळा सोडणारी मुले गरिबांचीच असतात. त्यांना सोपी पत्रिका दिली तर ती निदान शाळेत टिकतील, असे अनेक तळमळीचे शिक्षक म्हणतात. त्यांची कणव खरी आहे. परंतु मुलगा नापास होतो तो विषय कठीण असतो म्हणून की आठवीपासून त्याला गणिताचा शिक्षकच नसतो म्हणून, हे आधी ठरवावयास हवे. शिक्षकाची रिकामी जागा न भरता सोपी पत्रिका देणे म्हणजे विहीर न खोदता तहान कमी लागण्याचे औषध देणे होय. सोपी पत्रिका द्यावयाचीच असेल तर तीत तरी विचार करावयास लावणारे प्रश्न असू द्या. सोपे आणि पोकळ हे दोन शब्द समानार्थी नाहीत.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, दहावीपर्यंत विज्ञानाचा गाभा सर्वांना समान असावा, आणि त्यात प्रत्यक्ष प्रयोग, मापन, आलेखवाचन व कारणमीमांसा यांची परीक्षा व्हावी. दुसरी, विज्ञानाला स्तर लागू करण्याआधी प्रत्येक जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान व गणिताचा कायम शिक्षक आणि चालती प्रयोगशाळा असावी. तिसरी, कोणत्याही पातळीवरून वर जाण्याचा रस्ता सदैव उघडा असावा. ज्याने आज साधारण पातळी घेतली, त्याला उद्या सुटीतील मोफत जोडवर्गातून वर चढता यावे. चौथी, प्रवेश परीक्षेत जे कौशल्य मागितले जाते ते सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयात शिकविले गेलेच पाहिजे, आणि जे तेथे शिकविले जात नाही ते परीक्षेत मागता कामा नये. पाचवी, अकरावी-बारावीचे विज्ञान मराठीतून शिकण्याची खरीखुरी सोय व्हावी.

या मागण्या निवेदनात लिहून पाठविल्याने पुऱ्या होणार नाहीत. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावे. विज्ञानाचा शिक्षक किती महिने नाही, प्रयोगशाळेचे कपाट कधी उघडले, दहावीच्या मुलांनी यंदा स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले, हे विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत ही माहिती मांडावी. रेशन आणि रोजगार हमीच्या प्रश्नावर आपण जसे हिशेब मागतो, तसाच हा हिशेब मागावयाचा आहे. सूत, दगड आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर जे विज्ञान उभे राहू शकते, ते या राज्यातील मुलांना नाकारले जात असेल, तर त्याचे कारण मुलांच्या बुद्धीत नाही. ते कारण जेथे आहे, तेथे जाऊन जाब विचारणे हे आपले काम आहे.