गादी पिंजावी की बदलावी?

पावसाळा ओसरून ऊन कडक होऊ लागले, की गच्च्यांवर आणि अंगणांत गाद्या वाळत पडलेल्या दिसतात. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत घरातील प्रत्येक वस्तूची एकदा तरी झाडाझडती होते. त्या सुमारास माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, गादी पार बसली आहे. पिंजून घ्यावी, की नवीच आणावी?" खरे तर हा प्रश्न गादीवाल्याचा; जाता जाता डॉक्टरांच्या कानावर घातला इतकेच, असे विचारणाऱ्याला वाटत असते. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. माझा तो समज दोन रुग्णांनी दूर केला. त्यांची हकीकत आज आपल्यापुढे मांडतो.

पहिल्या रुग्ण एक निवृत्त शिक्षिका, वय ७६. आम्ही सारे त्यांना काकू म्हणतो. "सकाळी उठताना कंबर धरते, तास-अर्ध्या तासाने सुटते," ही त्यांची तक्रार. एक्स-रेमध्ये मणक्यांची वयोमानाप्रमाणे झालेली झीज दिसली. मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम सांगितले. पाच-सहा महिने हाच क्रम चालला. गोळ्यांनी पित्त वाढले, रक्तदाबही वर सरकू लागला. म्हणून त्यासाठी आणखी गोळ्या आल्या. या साऱ्या काळात "काकू, तुम्ही निजता कशावर?" हा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

मग एके दिवशी पहाटे त्यांच्या मुलाचा फोन आला. लघवीला उठताना काकू पलंगाशेजारीच पडल्या होत्या. मनगटाचे हाड मोडले. खुब्याचे मोडले नाही, हे सुदैव. प्लास्टर झाल्यावर मी त्यांना पाहायला घरी गेलो आणि प्रथमच ती गादी पाहिली. दोघांची मोठी, कापसाची गादी. एका बाजूला खोल खळगा पडलेला. काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. ती त्यांची बाजू. काकू अजूनही आपल्याच बाजूला, अगदी कडेशी निजत. एका अंगाला खळग्याकडे उतार, म्हणून रात्रभर शरीर नकळत स्वतःला सावरत राही. दुसऱ्या अंगाला कड इतकी पातळ झालेली, की तिच्यावर बसताच माणूस पुढे घसरावे.

मुलगा वर्षभर नवी गादी आणतो म्हणत होता. काकूंचा ठाम नकार. "माझ्या आईने लग्नात दिलेली गादी आहे. दोनदा पिंजून घेतली. चांगला कापूस टाकायचा कशाला?" मुलगा चहा आणायला आत गेला, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिकडची बाजू ह्यांची आहे, डॉक्टर."

दुसरे रुग्ण ८१ वर्षांचे गृहस्थ. अर्धांगवायूने उजवी बाजू निकामी झालेली, सारे काही अंथरुणातच. सेवा करणारी सून. तिने एकदा विचारले, "डॉक्टर, बाबांना माकडहाडापाशी लाल झालंय. पावडर लावतेय, पण जात नाही." मी पाहायला गेलो. कापसाची गादी लघवीने अनेकदा भिजलेली, उन्हात वाळवून पुन्हा घातलेली. आता ती पिंजून घ्यायची, म्हणून गादीवाल्याला सांगूनही झाले होते. मी त्या लाल जागेवर बोट दाबले आणि उचलले. निरोगी कातडी अशा दाबाने क्षणभर फिकी पडते; येथे लाली तशीच राहिली. मग त्यांच्या कमरेखाली, गादी आणि फळी यांच्यामध्ये, तळहात वर करून हात सरकवला. माकडहाड आणि माझा हात यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जाडी उरली होती. ते गादीवर निजले आहेत असे दिसत होते. प्रत्यक्षात ते फळीवरच निजलेले होते.

वाचकहो, दोन्ही गाद्या जुन्या, कापसाच्या आणि बसलेल्या. तरीही काकूंची गादी आम्ही पिंजून घेतली आणि बाबांची त्याच दिवशी बाहेर काढली. असे का, हेच आज सांगायचे आहे. निर्णय घेताना गादीचे वय किंवा किंमत आधी पाहू नका. तिच्यावर निजणारा माणूस स्वतःच्या बळावर कुशीवर वळू शकतो का, हे आधी पाहा.

निरोगी माणूस झोपेत कितीतरी वेळा कूस बदलतो. त्यामुळे कातडीच्या एकाच जागेवर दाब फार वेळ टिकत नाही. ज्याला वळता येत नाही, त्याच्या हाडांच्या टोकांवरील कातडी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चेपली जाते. तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि काही तासांतच जखमेची सुरुवात होऊ शकते. माकडहाड, टाचा, खुब्याच्या बाजू, कोपरे, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज उजेडात पाहाव्यात. सावळ्या कातडीवर लाली नेहमीच दिसत नाही. तेथे काळसर डाग, ऊब किंवा टणकपणा जाणवतो. अशी जागा चोळू नये, आणि रबरी कडेही खाली ठेवू नये. कड्याच्या काठाने भोवतालचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. शय्याव्रण एकदा हाडापर्यंत पोचले, की महिनोन् महिने भरत नाही आणि त्यातून रक्तात जंतूंचा प्रसार होऊन प्राणावर बेतू शकते.

म्हणून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची बसलेली किंवा भिजलेली गादी दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. लघवीने भिजलेला कापूस उन्हाने वरवर वाळतो, पण आतील क्षार, वास आणि जंतू जात नाहीत. तो पुन्हा घाम व ओल धरतो आणि ओलसर कातडी लवकर फाटते. फोममध्ये आतवर ओल मुरली असेल, तर तोही वापरू नये. बाबांसाठी आम्ही घट्ट फोमची, पुसता येईल अशा आवरणाची गादी आणली आणि तिच्यावर पंपाची एअर गादी घातली. तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात व बसतात, त्यामुळे दाबाच्या जागा बदलत राहतात. मात्र एअर गादी आणली म्हणून कूस बदलायचे काम संपत नाही. सुनेने भिंतीवर वेळापत्रक लावले : साधारण दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस. कातडी अजून फाटलेली नव्हती, म्हणून लाली हळूहळू गेली. "माझंच चुकलं," असे ती म्हणत राहिली. मी तिला म्हणालो, "चूक तुझी नाही. हे सांगायचे काम माझे होते, आणि ते मी उशिरा केले."

आता वळू-हलू शकणाऱ्या माणसाच्या गादीकडे येऊ. पैसे खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी चार गोष्टी तपासा.

पहिली, खोट गादीत आहे की पलंगात? गादी उचलून सपाट जमिनीवर अंथरा. खळगा नाहीसा झाला, तर गादी निर्दोष आहे. पलंगाच्या पट्ट्या किंवा फळ्या वाकल्या आहेत. त्या दुरुस्त करा किंवा वर जाड प्लायवूड टाका. नवी गादीही वाकलेल्या पलंगावर काही महिन्यांत बसेल.

दुसरी, खळगा किती खोल आहे? जमिनीवरच्या गादीवर आडवी सरळ काठी ठेवा आणि काठीखालची पोकळी मोजा. ती दीड इंचाच्या पुढे गेली, की गादीकडे लक्ष द्यायला हवे, असा माझा ढोबळ निकष आहे. फोमचा खळगा दुरुस्त होत नाही. त्यावर दुसरी पातळ गादी घातली, तर तीही त्याच खळग्यात बसते. तो फोम बदलावाच लागतो. कापसाचे तसे नाही. कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात. पण कोरडा आणि स्वच्छ असेल, तर पिंजल्यावर पुन्हा मोकळा होतो. पिंजूनही त्याचा भुगा पडू लागला, तर मात्र तंतू संपले असे समजा.

तिसरी, गादीची कड. पलंगाच्या कडेला बसा. कड खाली दबून शरीर पुढे घसरत असेल, तर रात्री पडण्याचा धोका आहे. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात असले पाहिजेत. नवी गादी घेताना तर हे विसरूच नका. चार इंची कापसाच्या जागी आठ इंची फोमची गादी आली, की पलंगाची उंची चार इंचांनी वाढते. पाय लोंबकळतात आणि उतरताना तोल जातो. हौसेने आणलेल्या गादीमुळे पडलेले ज्येष्ठ मी पाहिले आहेत.

चौथी, चार-पाच रात्री दुसऱ्या अंथरुणावर निजून पाहा. सकाळचे दुखणे तेथे कमी झाले, तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. फरक पडला नाही, तर नव्या गादीनेही पडेल याची खात्री नाही.

कंबर दुखते म्हणून फळीवर किंवा सतरंजीवर निजणारे अनेक जण भेटतात. कडक तितके चांगले, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ व्यक्तींचा एक अभ्यास झाला. तो २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर निजणाऱ्यांना तीन महिन्यांनी अधिक आराम पडलेला आढळला. पाठीला आधार मिळावा, पण खांदा आणि खुबा किंचित आत रुतावा, इतकाच घट्टपणा पुरतो. कृश वृद्धांच्या हाडांवर मांसाचे आवरण कमी असते. त्यांना फळी तर मुळीच सोसत नाही.

गादी पिंजून घ्यायचे ठरले, तर आपला कापूस आपल्यासमोर वजन करून द्या आणि वजन करूनच परत घ्या. कमी पडेल तेवढाच नवा कापूस घाला. खोळ नवी शिवून घ्या. ढेकूण जुन्या खोळीच्या शिवणीतच दडतात. कापूस पिंजताना उडणारी धूळ श्वसनाला घातक असते, म्हणून घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम घरापासून दूर करवून घ्या. एरवीही गादीला अधूनमधून ऊन द्या, डोके-पाय आणि वर-खाली अशी बाजू बदला, चादरी गरम पाण्यात धुवा. धुळीतील सूक्ष्म किडे ओल असेल तेथे वाढतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. प्रत्येक दुखण्याचा दोष गादीवर टाकू नका. रात्रीही न थांबणारी कंबरदुखी, ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, पायातील अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा जाणे, पडल्यानंतर अचानक सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असले तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तरीही दाखवा.

काकूंच्या मोठ्या गादीचा कापूस पिंजून त्यातून एका माणसाची, कडेपर्यंत भरीव गादी झाली. उरलेल्या कापसाचा एक लोड आणि दोन उशा झाल्या. गळ्यात हात अडकवून काकू दिवसभर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. वजनकाट्यावरही त्यांचीच नजर होती. झीज होती तेथेच आहे, त्यामुळे कंबर पूर्ण थांबली असे नाही. पण वेदनाशामक गोळी आता क्वचितच लागते आणि रात्री उठताना त्या आधी पाय टेकून बसतात, मग उभ्या राहतात. लोड त्या पाठीशी घेतात.

घरातील ज्येष्ठ जुनी गादी सोडत नसतील, तर त्यांच्याशी वाद घालण्याआधी त्यांच्यापाशी थोडे बसा आणि कारण विचारा. ते कळले, की पुष्कळदा मार्ग सापडतो. आणि आज रात्री निजण्यापूर्वी, आपल्या आईच्या किंवा वडिलांच्या अंथरुणाच्या कडेला स्वतः एकदा बसून पाहा.