आधी मीटर, मग सोल्डर

‘लॅपटॉप चार्ज होत नाही’ या तक्रारीला आपल्या धंद्यात दोन उत्तरे ठरून गेली आहेत: पोर्ट गेलंय, नाहीतर बोर्ड गेलाय. पहिल्या उत्तरावर गिऱ्हाईक पैसे मोजते, दुसऱ्यावर नवा लॅपटॉप बघायला लागते. दोन्ही उत्तरे पुष्कळदा मीटर न लावताच दिली जातात, आणि याचे कारण सरळ आहे. पोर्ट बदलल्याचे पैसे मिळतात, तपासणीचे मिळत नाहीत. ज्या कामाचा मोबदला नाही ते काम घाईत उरकले जाणारच. म्हणून तपासणी हे स्वतंत्र काम धरावे, तिचा वेगळा आकार घ्यावा आणि तिचे रीडिंग जॉब कार्डवर लिहून द्यावे, असे आमचे ठाम मत आहे.

जुन्या गोल पिनच्या डीसी जॅकचे दुखणे त्या मानाने सोपे. बऱ्याच मॉडेलमध्ये तो वायरीसकट सुटा मिळतो, बोर्डाला सोल्डर लावावेच लागत नाही. तिथेही काही कंपन्यांच्या मशीनमध्ये मधली बारीक पिन चार्जरची ओळख पटवते. तिची लाइन तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही, आणि व्होल्टेज बरोबर दिसत असल्यामुळे दोष बॅटरीवर जातो. टाइप-सी पोर्टमध्ये तर अंदाजाला जागाच नाही. एवढ्याशा तोंडात २४ पिना, दोन पिनांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचे अंतर, आणि पॉवर आणणाऱ्या व्हीबसच्या पिनेला खेटूनच सीसीची पिन. चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. सीसी लाइनवर बोलणी झाली की मग २० व्होल्टपर्यंत चढतो. यूएसबी मीटर ५ व्होल्टवरच अडकला तर शंका आधी केबल आणि चार्जरवर घ्यावी, मग सीसी लाइन किंवा पीडी कंट्रोलरवर. २० व्होल्ट येऊनही करंट जवळपास शून्य असेल तर दोष बहुधा पोर्टच्या पुढे, बोर्डावर आहे. प्लग उलटा घातल्यावर चार्जिंग सुरू होत असेल तर एका बाजूची सीसी पिन गेली असण्याचा संभव मोठा. बॅटरी काढून, डायोड मोडवर दोन्ही सीसी लाइन ग्राउंडशी मोजल्या आणि आकडे जुळले नाहीत तर पोर्टला हात लावण्याआधीच बरेच कळून चुकते. ओलावा किंवा वाकलेली पिन यांमुळे व्हीबस सीसीला भिडली असेल तर २० व्होल्ट थेट कंट्रोलरमध्ये शिरलेले असतात. अशा बोर्डावर नुसता नवा पोर्ट बसवला की तक्रार जशीच्या तशी परत येते, आणि सोबत कारागिराचे नावही खराब होते.

‘गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देणार नाही, शेजारच्या दुकानात जाईल’ हा आक्षेप खरा आहे. काही गिऱ्हाइके जातीलच. पण तपासणीचा आकार दुरुस्तीच्या बिलात वळता करून दिला आणि कागदावर आकडे दिसले, तर ‘बोर्ड गेलाय’ या तोंडी निकालापेक्षा त्या कागदावर लोकांचा विश्वास अधिक बसेल. दुसरा आक्षेप असा की कंपन्या सर्किट डायग्राम देत नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, तरी डायग्रामसाठीची आपली ओढाताण संपलेली नाही. मात्र टाइप-सीच्या पिनांची मांडणी हे खुले मानक आहे, ती सगळ्या मशीनवर सारखीच असते; पोर्टपुरत्या तपासणीला डायग्राम लागत नाही. युरोपीय संघात २८ एप्रिल २०२६पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग बंधनकारक आहे, तेव्हा हेच काम आपल्याकडेही वाढत जाणार.

‘पोर्ट काढण्यापेक्षा बोर्ड बदलणे निर्धोक’ हा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो अर्धाच खरा आहे. लेड-फ्री सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळते, पण ग्राउंडचे थर उष्णता ओढून घेतात. प्रीहीटरशिवाय, पोर्टचे पाय पूर्ण सुटण्याआधी ओढ दिली की पॅड उखडतात, आणि साध्या दुरुस्तीचे खरोखरच मेलेले बोर्ड होते. ज्याच्याकडे साधने नाहीत त्याने हे काम घेऊ नये. वॉरंटीतले मशीनही उघडू नये. पण बोर्ड बदलणे कुणासाठी निर्धोक? आजच्या अनेक पातळ मॉडेलमध्ये एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, बोर्डासोबत डेटाही जातो. ती सुटी असली तरी नव्या बोर्डावर बिटलॉकर रिकव्हरी की मागतो, आणि ती कुठे ठेवली हे अनेकांना आठवत नाही. ही जोखीम गिऱ्हाइकाच्या माथी मारताना निदान तिला आधार काय, हे आकड्यांत दाखवणे आपले कर्तव्य आहे.

तेव्हा जॉब कार्डवर एवढे तरी असावे: दुसऱ्या खात्रीच्या चार्जर-केबलवर काय झाले, प्लगच्या दोन्ही बाजूंनी व्होल्टेज आणि करंट किती, दोन्ही सीसी लाइनचे डायोड मोडवरचे आकडे, आणि पोर्टच्या आत दिसलेला गंज किंवा तुटलेली पिन. पॅड आधीच उखडलेले आढळले तर तेही लिहावे. काम आपल्याला झेपणारे नसेल तर गिऱ्हाईक तोच कागद घेऊन प्रीहीटर आणि मायक्रोस्कोप असलेल्या कारागिराकडे जाईल, आणि त्या कारागिराला मशीन पुन्हा मुळापासून तपासत बसावे लागणार नाही.