सड्याच्या पोटातले पाणी

डिचोली तालुक्यातला लाटंबार्से हा दोडामार्गाच्या अंगाचा गाव. कासारपालच्या कालिकादेवीमुळे तो बाहेरच्यांना ठाऊक असतो. मला त्याच्याविषयी लिहायचे आहे ते सड्यामुळे. वर जांभ्याचा सडा, उतारावर काजू, पायथ्याशी पोफळी-नारळाचे कुळागर आणि त्याखाली भातशेती, ही डिचोली-पेडण्यातल्या गावांची जुनी घडण. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस चार महिन्यांत उरकतो, पण पोफळीला मे महिन्यातही पाणी लागते. ती तूट सडा भरून काढतो. जांभ्यात मुरलेले पाणी झरीवाटे उतरते, पाटाने कुळागरात जाते. पावसाळी सरद भात कापल्यावर हिवाळी वायंगण पिकते तेही या पाण्यावर. इथली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती यामुळे.

डिचोलीतले लोहखनिजही याच टेकड्यांच्या पोटात आहे. जांभ्याखालचे भुसभुशीत खनिज स्वतःच पाणी धरून ठेवते. म्हणजे खनिज उपसले की पाण्याचे भांडेच ट्रकात भरून जाते. डिचोलीतल्याच शिरगावात खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले, खाण कोरडी ठेवण्यासाठी रात्रंदिवस पंप चालले आणि गावच्या विहिरी आटल्या. लईराई देवीच्या या गावाला टँकरची वाट पाहावी लागली. शिवाय टनभर खनिजामागे अडीच-तीन टन माती निघते. तिचे डंप पावसात वाहतात आणि शेतात बसतात.

खाणींची कायदेशीर मुळे पोर्तुगिजांच्या 1906 च्या हुकूमनाम्यात आहेत. नेमक्या त्याच सुमारास पॅसिफिकमधल्या नाऊरू बेटावर फॉस्फेटचा उपसा सुरू झाला. 1968 मध्ये स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या देशाने पुढच्या पिढ्यांसाठी मोठा निधी उभारला. तो चुकीच्या गुंतवणुकींत आणि उधळपट्टीत गेला. बेटाचा बहुतेक मधला भाग खणून ओसाड झाला होता, तो तसाच राहिला. हाती जमीन नाही आणि पैसाही नाही, अशी त्या लोकांची गत झाली.

गोव्याने हा धडा काही अंशी घेतला. 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज उपशावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजविक्रीतले 10 टक्के कायम निधीत टाकायला सांगितले. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने चिकाटीने लढलेल्या खटल्याचे हे फळ, आणि ते मी मोलाचे मानतो. पण पैसा निधीत राहतो, झर राहत नाही. 2022 च्या डिसेंबरात डिचोलीच्या पहिल्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला. शिरगाव, मये, मुळगावचे भाग त्यात आहेत. मधली काही वर्षे बंद असलेले खोदकाम पुन्हा सुरू झाले आहे. रोजगार हवा, हे मान्य. खाणी बंद पडल्यावर ट्रकमालकांच्या घरांत कर्जाचे हप्ते कसे थकले, हे या तालुक्याने पाहिले आहे. तरीही वीस-तीस वर्षांच्या पगारासाठी पुढच्या दहा पिढ्यांचे पाणी देणे मला पटत नाही.

विहीर आटल्यावर ती आधी किती भरत होती, हे सिद्ध करण्याचे ओझे गावावर पडते, आणि गावाकडे नोंद नसते. म्हणून लाटंबार्सेसारख्या गावांनी आत्ताच, एप्रिल-मे महिन्यांत, आपली प्रत्येक झर आणि विहीर मोजावी. कोणत्या झरीवर कुणाचे कुळागर भिजते, वायंगण कुठवर होते, हे ग्रामसभेच्या वहीत चढवावे. सड्यावर खाण असो, कारखाना असो की वसाहत, परवानगीचा कागद पुढे येईल तेव्हा जलस्रोत खात्याने आधी त्या वहीला उत्तर द्यावे.