टिम-इड की टि-मिड?

आमच्या इमारतीतली आठवीतली मुलगी परवा कोश काखोटीला मारून आली. ‘टिमिड’, म्हणजे भित्रा, हा शब्द तिने वर्गात ‘टिम’पाशी थांबून ‘टिम... इड’ असा वाचला आणि वर्ग हसला. ‘पण काका, कोशात ‘टिम’नंतर ठिपका आहे ना!’

आहे खरा. पण मूळ शब्दातला ठिपका ओळ संपत आली तर शब्द कुठे मोडावा, हे सांगण्यापुरता. बोलणाऱ्यासाठी उच्चार शेजारी वेगळा दिलेला असतो. त्यात जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते. शोधायची ती रेघ.

कारण खरी गोम जोरात आहे. ‘टिमिड’मध्ये तो ‘टि’वर, ‘टिमिडिटी’ म्हटलं की ‘मि’वर सरकतो. प्यूसिलॅनिमस हा याच अर्थाचा भारदस्त शब्द. लॅटिनमधल्या ‘इवलंसं’ आणि ‘मन’ यांतून जुळलेला, म्हणजे इवल्या मनाचा. तुकडे पाच, जोर ‘लॅ’वर. लिहिताना एल दोन, आणि मोडताना दोन्हीकडे एकेक वाटून दिलेले. तोंडात मात्र एकच ल. आपण भित्रा, भित्रेपणा म्हणताना जोर कुठेही दिला तरी अर्थ हलत नाही, म्हणून ही भानगड आपल्या कानाला दिसतच नाही. मुलांकडून स्पेलिंग तुकडे पाडून घोकून घेतात, त्याला माझी हरकत नाही. जोर कुठे, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

लिहिणं वेगळं नि बोलणं वेगळं, हे मराठीतही असतंच. मी तिला विचारलं, ‘डोंबिवली’त अक्षरं किती?

‘चार.’

आता बोल.

‘डोम्-बिव्-ली.’ ती थबकली. ‘तीनच?’

तीनच. ‘व’मधला ‘अ’ आपण बोलताना खाऊन टाकतो. स्टेशनावरच्या इंग्रजी पाटीनेही तो गाळलाय. ‘घाबरट’चं तेच: लिहायला चार अक्षरं, बोलायला ‘घाब्-रट’ एवढे दोन तुकडे. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि यात ती कधी चुकलेलीही नव्हती. इंग्रजी शब्द समोर आला की मात्र हाच कान मिटून आपण डोळ्यांनी बोलायला लागतो.

मग आम्ही ‘टिमिडिटी’ दहादा म्हटलं. जिना उतरतानाही तिचं चालूच होतं. ‘मि’ जरा जास्तच ठोकत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून पाहिलं.