एका पुतळ्याचा जमाखर्च

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील आवारात १९१३ पासून उभा असलेला ‘सायलेंट सॅम’ हा सैनिकाचा पुतळा २० ऑगस्ट २०१८ च्या रात्री निदर्शकांनी दोर लावून खाली ओढला. इतिहास असा पाडायचा नसतो, असा आक्षेप यावर घेतला जातो. तेव्हा पुतळ्याचाच इतिहास आधी तपासणे इष्ट.

यादवी युद्ध १८६५ साली संपले; पुतळा आला अठ्ठेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात काय घडले? १८९० नंतरच्या दशकात या राज्यातील गरीब गोरे शेतकरी आणि कृष्णवर्णीय मतदार यांच्या आघाडीने निवडणुका जिंकल्या होत्या. प्रस्थापितांना हे मानवणारे नव्हते. १८९८ मध्ये विल्मिंग्टन येथील लोकनियुक्त नगरशासन शस्त्रबळाने उलथण्यात आले. १९०० च्या घटनादुरुस्तीने साक्षरतेची व कराची अट घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावला. पुतळा या विजयानंतरचा आहे. त्याच्या अनावरणप्रसंगी ज्युलियन कार यांनी गोऱ्या वंशाचे रक्षण केल्याबद्दल दक्षिणेच्या सैनिकांची स्तुती केली आणि आपण याच परिसरात एका कृष्णवर्णीय स्त्रीला चाबकाने कसे फोडून काढले, हेही अभिमानाने सांगितले. हे कार तंबाखूचे कारखानदार व कापडगिरण्यांचे मालक होते, ही बाब आनुषंगिक नव्हे. गोऱ्या व काळ्या श्रमिकांची फारकत कोणाच्या पथ्यावर पडते, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको!

सनदशीर मार्ग का धरला नाही, असेही विचारले जाते. तो मार्ग विधिमंडळाने २०१५ च्या कायद्यानेच जवळजवळ बंद केला होता. पुढे जानेवारी २०१९ मध्ये उरलेला चौथरा हलविण्याचा आदेश देतानाच विद्यापीठप्रमुख कॅरोल फोल्ट यांनी राजीनामा जाहीर केला. नियामक मंडळाने त्यांना शैक्षणिक वर्ष पुरे करण्याचीही मुभा दिली नाही.

याहून बोलका आहे तो पैशाचा व्यवहार. पुतळ्यासाठी ५३ लाख डॉलर्सची स्वतंत्र इमारत बांधण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०१८ मध्ये आला, तेव्हा विद्यार्थी-अध्यापकांनी परीक्षेचे गुण रोखून धरण्याचा इशारा दिला आणि प्रस्ताव बारगळला. नोव्हेंबर २०१९ मध्ये दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेने दावा दाखल केला आणि त्याच दिवशी तडजोडही झाली: पुतळा त्यांना, शिवाय त्याच्या जतनासाठी २५ लाख डॉलर्सचा विश्वस्त निधी. ज्यांना दावा लावण्याचा अधिकारच नव्हता त्यांच्याशी झालेली ही तडजोड न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केली.