अनुदानाची यादी : आपलं नाव बघितलं, पण गावाची यादी कुठंय?

अतिवृष्टीचं अनुदान आलं की गावात एकच धावपळ. व्हीके नंबर मिळाला का, ई-केवायसी झाली का, पैसे पडले का? आपल्या खात्यात रक्कम आली की आपण मोबाईल खिशात टाकतो. पण गावातल्या बाकी कुणाला किती आले, हे विचारायचं राहून जातं. खरी गडबड तिथंच होते.

जालना जिल्ह्याचं उदाहरण ताजं आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला २०२२ ते २०२४ या काळातला अनुदान घोटाळा २०२५ मध्ये गाजला. जमीन नसलेल्यांची नावं, फुगवलेलं क्षेत्र, दुबार रकमा असे प्रकार चौकशीत पुढे आले. तलाठ्यांसह महसूल कर्मचारी निलंबित झाले, गुन्हाही दाखल झाला.

हे जमतं कसं? साधा हिशेब बघा. २०२२-२६ च्या निकषांनुसार जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर. एखाद्याचं ४० आर गेलं, तर त्याला ३,४०० रुपये बसतात. यादीत त्याच्या नावापुढे २ हेक्टर लिहिलं की झाले १७,०००! मुंबईत बसलेल्या साहेबाला हे कळणार नाही. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला मात्र एका नजरेत कळतं. म्हणून यादी त्याच्यासमोर आली पाहिजे.

पीएम किसानचं तसं बरं आहे. पोर्टलवर ‘बेनिफिशियरी लिस्ट’मध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडलं की अख्ख्या गावाची नावं दिसतात. अतिवृष्टीच्या मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावा, असं शासन निर्णयांतच लिहिलेलं असतं. आपल्या तालुक्याची यादी तिथं आहे का, आणि तिच्यात गट नंबर, क्षेत्र, रक्कम आहे का, हे एकदा उघडून बघा.

कायदा आपल्या बाजूनं आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ब), बारावा मुद्दा : अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं कुणी न मागता जाहीर करायचा. ‘वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही’ असं उत्तर मिळालं तर हे कलम दाखवा. आधार नंबर, बँक खातं कुणाचंच उघड करू नये, ते बरोबरच. पण सरकारी तिजोरीतून गेलेली रक्कम आणि ती घेणाऱ्याचं नाव ही खाजगी बाब नव्हे.

नाव बघणं म्हणजे कुणावर जळणं, असं काही जण म्हणतील. तसं नाही. खोटं नाव घुसलं की चौकशी लागते, आणि चौकशीत खऱ्या शेतकऱ्याचे पैसेही अडकू शकतात. शिवाय ज्याचं नाव राहून गेलंय, त्यालाही यादी बघूनच कळतं.

मग करायचं काय? ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. पुढच्या सभेत एकच मागणी ठेवा : यादी वाचा, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नाही लावली, तर तहसील कार्यालयात १० रुपयांचा माहिती अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज एकट्यानं केला तर गावात वाईटपणा येतो. दहा जणांनी सह्या करून मागणी केली, तर ती गावाची होते.